चिठ्ठीवरची औषधे बाळगण्याची आणि देण्याची कायदेशीर सूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांचा कायदा उघडला की आधी मनाई दिसते. सूट मात्र बरीच मागे, नियमांच्या पोटात आणि परिशिष्टांच्या बारीक अक्षरांत सापडते. रुग्णांचे नातेवाईक, छोटा दवाखाना चालवणारे डॉक्टर, केमिस्ट आणि आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील केंद्रीय कायद्यांना धरून आहेत, आणि महाराष्ट्राची वेगळी तरतूद असेल तेथे तसे म्हटले आहे.

१. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत अशी औषधे नेमकी कोणती? सगळ्यांना एकच नियम लागतो का?

एकच नियम लागत नाही. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील औषध नियम, १९४५ यांनी ही औषधे मुख्यतः तीन अनुसूचींत बसवली आहेत. दुकानात त्यांना शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स म्हणतात. एचमध्ये रोजच्या वापरातली असंख्य औषधे येतात. एच-वन ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात नंतरच्या पिढ्यांची प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम, ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी सवय लावणारी औषधे आहेत. ही औषधे विकताना केमिस्टला डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. एक्समध्ये केटामाइन, मिथाइलफेनिडेट अशी औषधे येतात. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते.

यापलीकडे १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. एकच गोळी दोन्ही कायद्यांत असू शकते. अल्प्राझोलाम एच-वनमध्येही आहे आणि एनडीपीएसच्या यादीतही. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये त्या यादीत आले. एनडीपीएसच्या कलम ८० नुसार दोन्ही कायदे एकमेकांच्या जोडीने चालतात, म्हणून एका कायद्यातली सूट दाखवून दुसऱ्यातून आपोआप सुटका होत नाही.

२. मनाई औषध जवळ ठेवायला आहे की विकायला?

१९४० च्या कायद्याचे कलम १८(क) परवान्याशिवाय विक्री, विक्रीसाठी साठा आणि वितरण यांना मनाई करते. स्वतःच्या आजारासाठी कपाटात ठेवलेली रक्तदाबाची गोळी त्यात येत नाही. पण ‘वितरण’ हा शब्द तेथे मुद्दाम घातलेला आहे, त्यामुळे पैसे घेतले नाहीत एवढ्याने कोणी मोकळा होत नाही. परवान्याशिवाय विक्री वा वितरण केल्यास कलम २७ नुसार किमान तीन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आहे, शिवाय दंड किमान एक लाख रुपये किंवा जप्त औषधांच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जो अधिक असेल तो.

एनडीपीएसची रचना उलटी आहे. त्याचे कलम ८ नुसते जवळ बाळगण्यालाही मनाई करते, आणि वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, नियमांत सांगितलेल्या रीतीने व मर्यादेत, तेवढी मोकळीक ठेवते. कारण वैद्यकीय आहे एवढे पुरत नाही, रीतही पाळलेली असावी लागते. पुढची बहुतेक उत्तरे या दोन वाक्यांवर उभी आहेत.

३. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. घरात एका वेळी किती ठेवता येतात?

मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांसाठी एनडीपीएस नियमावलीच्या नियम ६६ मध्ये याचे उत्तर आहे. स्वतःच्या उपचारासाठी एका व्यक्तीला एका वेळी १०० मात्रांपर्यंत (मात्रा म्हणजे येथे डोस, साधारण एक गोळी) औषध बाळगता येते. उपचार दीर्घकाळचे असतील आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर ही मर्यादा ३०० मात्रांपर्यंत वाढते. ‘स्पष्ट लिहून’ यावर भर द्यावासा वाटतो, कारण ‘रोज रात्री एक’ एवढ्याच मजकुरातून दीर्घकाळाची गरज सिद्ध होत नाही. मुदत आणि एकूण गोळ्यांची संख्या चिठ्ठीवर असावी.

या मर्यादेबाहेर गेल्यावर काय होते ते आकड्यांत पाहावे. शिक्षा किती हे ठरवण्यासाठी कायद्याने वजनाच्या दोन हद्दी आखल्या आहेत: अल्प्राझोलामची ‘अल्प मात्रा’ ५ ग्रॅम आणि ‘व्यापारी मात्रा’ १०० ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्यांतले शुद्ध औषध मोजले तर ५ ग्रॅमसाठी १०,००० गोळ्या लागतील. परंतु एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील निष्क्रिय घटकांसह पूर्ण वजन धरावे असा निकाल दिला. गोळीचे एकूण वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर ५० गोळ्यांतच ५ ग्रॅम भरतात. चिठ्ठी जवळ असलेला माणूस नियम ६६ च्या आश्रयाने निर्धास्त राहतो आणि तेवढ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय बाळगणारा मोठ्या शिक्षेच्या उंबरठ्यावर येतो, तो या हिशेबामुळे.

४. आई अंथरुणाला खिळली आहे. तिच्या नावाचे औषध मी आणले तर ते माझ्याजवळ बेकायदा ठरते का?

नाही. औषध नियमांनुसार चिठ्ठीवर रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे प्रमाण, डॉक्टरांची सही आणि तारीख लागते. रुग्णाने स्वतः दुकानात यावे असे कोठेही म्हटलेले नाही. मात्र नियम ६६ ची १०० मात्रांची सवलत ‘वैयक्तिक वैद्यकीय वापरा’शी जोडलेली असल्यामुळे आणणाऱ्याने चिठ्ठी आणि दुकानाचे बिल दोन्ही बरोबर ठेवावे, गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्याव्यात आणि पट्टीवरचा बॅच क्रमांक कापून टाकू नये. सोयीसाठी गोळ्या डबीत काढून ठेवण्याची आपली जुनी सवय प्रवासात नडते. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी प्रश्न १४ पाहावा.

५. तीच चिठ्ठी दाखवून दर महिन्याला औषध घेता येते का?

डॉक्टरांनी तसे लिहिले असेल तरच. औषध नियमांप्रमाणे एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे असते. पुन्हा द्यावे असे चिठ्ठीत म्हटले असेल, तर जितक्या वेळा आणि जितक्या अंतराने म्हटले असेल तितकेच. याच नियमांत असेही आहे की एच, एच-वन आणि एक्समधील औषधाऐवजी दुकानदाराने दुसरी कंपनी किंवा दुसरे औषध आपल्या मनाने देऊ नये, घटक तोच असला तरी. ‘तेच आहे, फक्त नाव वेगळे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी काउंटरवर ऐकले आहे. कायद्यात त्याला जागा नाही.

६. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना दिल्या तर? त्यांचा आजारही तोच आहे.

देऊ नयेत. आजार सारखा असल्याने आपल्या चिठ्ठीची सूट त्यांच्याकडे जात नाही. औषध एनडीपीएसखालचे असेल तर ते शेजाऱ्यांच्या हातात पडल्या क्षणी दोघांकडेही बचाव उरत नाही.

७. आमचे डॉक्टर दवाखान्यातूनच औषध देतात. त्यांना औषधविक्रीचा परवाना लागतो का?

स्वतःच्या रुग्णाला देत असतील तर लागत नाही. औषध नियमांच्या नियम १२३ ने अनुसूची ‘के’ मधील बाबींना परवान्याच्या तरतुदींतून वगळले आहे, आणि त्या अनुसूचीतील पाचवी नोंद डॉक्टरांची आहे. सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीचा समजला जाणारा हा भाग आहे.

सूट तीन अटींवर टिकते. डॉक्टरांनी उघडे दुकान मांडलेले नसावे, काउंटरवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विक्री करू नये, आणि औषधांची आयात, निर्मिती किंवा विक्री हा त्यांचा धंदा म्हणावा इतक्या प्रमाणात नसावा. यानंतर कागदपत्रे येतात. औषधे परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घ्यावीत. खरेदीच्या नोंदीत नाव, प्रमाण, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असावा. आणि औषध निरीक्षकाने मागितल्यास ती नोंद दाखवता यावी.

एच किंवा एक्समधले औषध देताना अटी आणखी कडक होतात. पाकिटावर डॉक्टरांचे नाव व पत्ता हवा. पोटात घ्यायचे असेल तर मात्रा हवी, बाहेरून लावायचे असेल तर तसा इशारा हवा. दिलेले औषध, मात्रा, रुग्णाचे नाव आणि तारीख त्याच वेळी नोंदवहीत लिहायची, नोंदीला क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक पाकिटावरही लिहायचा. वही शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षे ठेवायची.

आता डोळ्यांपुढे नेहमीचा दवाखाना आणावा. बरण्यांतून गोळ्या काढून कागदाच्या पुड्या बांधल्या जातात, ‘पांढरी सकाळी, पिवळी रात्री’ असे सांगितले जाते आणि तपासणीची फी व औषध मिळून एकच रक्कम घेतली जाते. रुग्णाला हे स्वस्त पडते आणि खेडोपाडी ते सोयीचेही आहे. पण पुडीत एच गटातले प्रतिजैविक असेल आणि तिच्यावर ना नाव ना क्रमांक, तर अनुसूची ‘के’ची सूट कागदावरच राहते. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली की रुग्णाला काय घेतले ते सांगताही येत नाही. ही अट केवळ कायद्यासाठी नाही, असे माझे मत आहे.

८. दवाखान्यात किती साठा चालतो? निरीक्षकांनी थोडी औषधे सापडली म्हणून खटला भरला तर?

अनुसूची ‘के’च्या नोंद ५ मध्ये ठरावीक आकडा नाही. साठा दवाखान्याच्या व्यवसायाशी सुसंगत असावा, हा त्यामागचा अर्थ. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांवरील खटला रद्द केला. त्यांच्याकडे मलमे आणि लोशन अशी थोडी औषधे सापडली होती. नोंदणीकृत डॉक्टर आपल्या शाखेची औषधे अल्प प्रमाणात बाळगतो आणि उघडे दुकान चालवत नाही, तेव्हा त्याला विक्रेता धरता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मात्र या निकालाचा अर्थ बिले ठेवू नयेत असा घेऊ नये. औषध कोणाकडून घेतले हे निरीक्षकाने विचारल्यास सांगणे कलम १८-ए खाली बंधनकारक आहे. न सांगितल्यास कलम २८ नुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

९. डॉक्टर बाहेरगावी असताना कंपाउंडरने नेहमीच्या रुग्णांना औषध दिले तर चालते का?

चालत नाही. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. त्यातून डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना देणे तेवढे वगळले आहे. डॉक्टरांची सूट त्यांच्या खुर्चीला किंवा पाटीला लागू नसते, त्यामुळे ते नसताना ती कंपाउंडरला वापरता येत नाही. प्रश्न ७ मधील नोंदवहीची अटही अशा वेळी हमखास मोडते.

१०. नर्सिंग होमला रोज लागणारी इंजेक्शने कोणत्या रुग्णाच्या नावाने घ्यायची?

कोणाच्याही नाही. किरकोळ विक्रीच्या परवान्यातच यासाठी वाट आहे. नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय, दवाखाना किंवा नर्सिंग होम यांना एच, एच-वन व एक्समधली औषधे सहीच्या लेखी मागणीपत्रावर देता येतात, आणि ते मागणीपत्र केमिस्टने दोन वर्षे जपायचे असते. फोनवरची मागणी किंवा वॉर्डबॉयच्या हातातली चिटोरी हे मागणीपत्र नव्हे. काल्पनिक रुग्णाच्या नावाने चिठ्ठी फाडण्याची पद्धत तर खोट्या नोंदीचा नवा गुन्हा ओढवून घेते, तोही कायद्याने सरळ रस्ता ठेवलेला असताना.

११. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे डॉक्टर प्रश्न ७ मधली सूट वापरू शकतात का?

हे राज्यागणिक बदलते. औषध नियमांतील ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’च्या व्याख्येत एक उपखंड आहे. होमिओपॅथीची नोंदवही सोडून राज्याच्या इतर वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीला राज्य शासन आदेशाने आधुनिक वैद्यक करणारी म्हणून घोषित करू शकते. महाराष्ट्र शासनाने १९९२ आणि १९९९ मध्ये अशा अधिसूचना काढून विशिष्ट पात्रतेच्या आयुर्वेद व युनानी पदवीधरांना या व्याख्येत आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पंजाबच्या प्रकरणात हा उपखंड वैध ठरवला, मात्र लिहून देण्याचा हक्क संबंधित राज्याच्या कायद्याने मान्य केलेला असला पाहिजे असेही म्हटले. त्यामुळे सोलापुरात चालणारी चिठ्ठी विजापुरातही चालेलच असे समजू नये.

होमिओपॅथीसाठी मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्यांना मर्यादित मुभा दिली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. दंतवैद्य व्याख्येत थेट येतात. पशुवैद्यकांसाठी प्रश्न २० पाहावा.

१२. अंगणवाडी सेविका गोळ्या वाटतात, त्यांच्याकडे परवाना कुठे असतो? मग आमच्या ट्रस्टच्या शिबिरात वाटल्या तर काय बिघडले?

दोन्हींत फरक आहे. अनुसूची ‘के’च्या तेविसाव्या नोंदीत प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्रांचे बहुउद्देशीय कर्मचारी, ग्रामीण आरोग्य योजनेतील स्वयंसेवक, परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि अंगणवाडी सेविका यांची नावेच आहेत. अट एकच: औषध केंद्र किंवा राज्य शासनाच्या आरोग्य वा कुटुंब कल्याण कार्यक्रमाखाली दिलेले असावे. सेविकेने त्याच हातांनी दुकानातून आणलेले प्रतिजैविक वाटले, तर ही नोंद तिला वाचवत नाही. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रुग्णालयांना नोंद ५-ए आहे, आणि तेथेही औषध पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली द्यावे लागते.

ट्रस्टच्या शिबिराला स्वतःची अशी सूट नाही. शिबिर दोन प्रकारे नियमात बसते. उपस्थित डॉक्टरांनी प्रत्येक रुग्ण तपासून प्रश्न ७ मधल्या अटींनुसार स्वतःचा रुग्ण म्हणून औषध द्यावे, किंवा परवानाधारक केमिस्टने चिठ्ठी पाहून पुरवावे. टेबलावर खोकी मांडून, नाव विचारून गोळ्या हातावर ठेवणे यांपैकी कशातच येत नाही. धर्मादाय रुग्णालयांनीही आपल्या औषधविभागाचा परवाना घ्यावा, हेच सुरक्षित.

१३. गावातल्या किराणा दुकानात काही औषधे मिळतात, ती कशाच्या आधारे?

अनुसूची ‘के’ची तेरावी नोंद. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, वेदनाशामक बाम, आम्लपित्ताची औषधे असे घरगुती उपाय, १,००० पेक्षा जास्त लोकवस्ती नसलेल्या गावात, मूळ न उघडलेल्या वेष्टनात विकता येतात. शेड्यूल जी (डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या औषधांची यादी), एच किंवा एक्समधील काहीही त्यात चालत नाही. शहराला लागून वाढलेल्या गावातल्या दुकानदारांनी लोकवस्तीची ही ओळ एकदा वाचावी.

१४. वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन सांगितले आहे, पण जवळचा केमिस्ट ठेवत नाही. ते बंद आहे का?

बंद नाही. १९८५ च्या कायद्यानंतर राज्याराज्यांच्या निरनिराळ्या परवान्यांमुळे मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने आटला होता. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्याच देशात रुग्ण वेदनेत तळमळत होते, ही गोष्ट वेदनाशमनाचे काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मांडली. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा नवा वर्ग केला आणि त्यांचे नियम देशभर एक केले. त्यात मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे आहेत.

२०१५ च्या नियमांनुसार राज्याचे औषध नियंत्रक संस्थेला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता देतात. एवढी एक मान्यता असली की रुग्णालय किंवा वेदनाशमन केंद्र ही औषधे ठेवू व देऊ शकते. रुग्णाला एका वेळी नियमानुसार जेवढे दिले, तेवढे त्याने बाळगणे कायदेशीर आहे. नोंदणीकृत डॉक्टरांनाही व्यवसायात वापरण्यासाठी ठरावीक कमाल मात्रेपर्यंत ही औषधे ठेवता येतात, विक्रीसाठी मात्र नाही. कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या साध्या परवान्यात हे बसत नाही; म्हणून जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात चौकशी करावी. पेथिडिन हे वेदनाशामक या सहांत नाही, त्याला अजून राज्याचेच नियम लागतात.

१५. कोडीनचे खोकल्याचे औषध एनडीपीएसमधून वगळलेले आहे, हे खरे का?

अर्धे खरे. १९८५ च्या अधिसूचनेत कोडीनची अशी मिश्रणे वगळली आहेत, ज्यांत इतर घटक आहेत, एका मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोडीन नाही, द्रवात त्याचे प्रमाण २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि जी उपचारात रूढ आहेत. बाटलीवरचे आकडे या मर्यादेत बसतात, म्हणून बचावपक्ष हा मुद्दा नेहमी पुढे करतो.

परंतु शेवटची अट उपचाराची आहे. २०१२ मध्ये आसाममधून आलेल्या प्रकरणात ट्रकभर खोकल्याची औषधे कागदपत्रांशिवाय सापडली. एका बाटलीतले प्रमाण मर्यादेत असले तरी एवढा माल उपचारासाठी होता हे दाखवता आलेले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जामीन नाकारला. २०१८ मध्ये पंजाबच्या प्रकरणांतही, तयार औषधांचा मोठा साठा परवाना वा चिठ्ठीशिवाय असेल तर एनडीपीएस लागू होतो, असेच न्यायालयाने म्हटले. चिठ्ठीवर घेतलेली एक बाटली आणि गोणीतल्या २०० बाटल्या यांना एकाच अधिसूचनेची ओळ वाचवील, ही समजूत धोक्याची आहे.

१६. भाऊ अमेरिकेतून येताना भारतात न मिळणारे औषध आणू शकतो का? कुरिअरने पाठवले तर?

सामानातून आणल्यास औषध नियमांचा नियम ३६ लागतो. औषध प्रवाशाच्या स्वतःच्या सामानाचा भाग असावे, केवळ त्याच्या वैयक्तिक वापरासाठी असावे, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विचारल्यास जाहीर करावे, आणि कोणत्याही एका औषधाच्या १०० सरासरी मात्रांपेक्षा जास्त नसावे. ‘प्रवाशाच्या स्वतःच्या’ या शब्दांमुळे भावाने तुमच्यासाठी आणलेले औषध या सवलतीत बसत नाही. त्यासाठी आणि कुरिअरसाठी दुसरी वाट आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२-ए मध्ये केंद्रीय परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करून फॉर्म १२-बी मध्ये परवानगी घ्यावी. परवानगी हातात आल्यावरच पार्सल निघावे. पार्सल विमानतळावर अडल्यावर अर्ज केल्यास दिवस वाया जातात.

येथील १०० आणि प्रश्न ३ मधील १०० हे आकडे योगायोगाने सारखे आहेत. नियम वेगळे आहेत, आणि गुंगीकारक औषधांना नियम ३६ चे पांघरूण पुरत नाही.

१७. दुबईला मुलाकडे जाताना भारतातील चिठ्ठी पुरेल का?

नेहमी पुरत नाही. भारतातली सूट भारताच्या हद्दीत संपते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी नियंत्रित औषधे नेण्यापूर्वी तेथील आरोग्य मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. सिंगापूरमध्येही अनेक औषधांना पूर्वमंजुरी लागते. तिकीट काढतानाच औषधांची यादी तपासावी.

१८. औषध घरपोच मागवता येते का? व्हिडिओ कॉलवर डॉक्टर झोपेच्या गोळ्या लिहून देऊ शकतात का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात केंद्राने परवानाधारक किरकोळ विक्रेत्यांना घरपोच औषध देण्याची मुभा दिली. ईमेलने आलेली चिठ्ठी चालेल, मात्र दीर्घ आजारात ती ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजारात सात दिवसांच्या आतली हवी, अशा अटी होत्या. एच गटातली औषधे त्यात आली. एच-वन, एक्स आणि एनडीपीएसखालची औषधे वगळली गेली. त्याच महिन्यात आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी एक्समधील, गुंगीकारक आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे दूरवरून लिहून देण्यास मनाई केली. म्हणजे झोपेच्या गोळ्यांसाठी दवाखान्याची पायरी चढावी लागते.

१९. औषध कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना नमुने देतात. ते नमुने डॉक्टर रुग्णांना देऊ शकतात का?

देऊ शकतात, विकू शकत नाहीत. नमुन्याच्या वेष्टनावरच तसे छापलेले असते. मार्च २०२४ च्या केंद्रीय विपणन संहितेनुसार एका नमुना पाकिटात तीन रुग्णांच्या उपचारापेक्षा जास्त औषध नसावे, एका डॉक्टरला वर्षात एका औषधाची १२ पेक्षा जास्त पाकिटे देऊ नयेत, आणि झोपेच्या वा शामक औषधांचे नमुने देऊच नयेत. नमुना देतानाही प्रश्न ७ मधील नोंद सुटत नाही.

२०. गोठ्यासाठी औषधे बाळगायला शेतकऱ्याला परवाना लागतो का?

स्वतःच्या जनावरांसाठी पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांना लागत नाही, कारण पात्र पशुवैद्यक ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’च्या व्याख्येत येतात. पण ज्या औषधाच्या वापरावर केंद्राने बंदीच घातली आहे, त्याला चिठ्ठीही सोडवत नाही. जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक २००६ मध्ये बंद झाले, कारण ते टोचलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मरत होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित केली गेली. पळवाट शोधणारा एक असला तरी तिची किंमत सगळ्यांना मोजावी लागते, याचे हे बोलके उदाहरण.

२१. तपासणीत सूट लागू आहे हे कोणी सिद्ध करायचे?

जो सूट मागतो त्याने. एनडीपीएसमध्ये तर पदार्थ ताब्यात सापडला की गुन्ह्याचे गृहीतक कलम ५४ नुसार आरोपीच्या विरुद्ध जाते, आणि ते खोडणे आरोपीवर असते. म्हणून रुग्णाजवळ चिठ्ठी व बिल, डॉक्टरांजवळ खरेदीची बिले व नोंदवही, संस्थेजवळ मान्यतेचे पत्र व साठ्याचा ताळा हवा. नंतर मिळवलेली, मागची तारीख घातलेली चिठ्ठी बचाव ठरण्याऐवजी पुरावा ठरते.

२२. रुग्ण गेला आणि घरात मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या. आता त्या आमच्याजवळ असणे गुन्हा आहे का?

दुःखाच्या दिवसांत हा प्रश्न विचारताना लोक कचरतात. औषध रुग्णासाठी कायदेशीररीत्या दिलेले होते. तो गेल्यावर घरच्यांना ते ठेवून घेण्याचा वेगळा हक्क मिळत नाही. ज्या संस्थेने दिले तिला लगेच कळवून, चिठ्ठी व रुग्णाच्या कागदांसह उरलेल्या गोळ्या तिच्याकडे परत कराव्यात आणि परत दिल्याची पोच घ्यावी. संस्था लांब असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा मोजक्या औषधांसाठी शौचालयातून पाण्याबरोबर सोडून देण्याचा उपाय सांगितला आहे. त्या यादीत मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम यांसारखी औषधे आहेत, कारण ती घरात राहून चुकीच्या हाती पडण्याचा धोका पाण्यात जाण्यापेक्षा मोठा मानला गेला आहे. बाकीची औषधे मात्र अशी टाकू नयेत. दोन साक्षीदारांसमोर गोळ्या मोजून, तारीख टाकून एका कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद मृत्यूच्या दाखल्याबरोबर ठेवावा.